राउटरचं टनेज आणि उतारा

“एएक्स ११००० म्हणजे अकरा हजार काय?” दाजींनी माहितीपत्रक हातभर लांब धरून विचारलं.

“मेगाबिट. दर सेकंदाला.”

“आणि आपली लाईन कितीची?”

“शंभरची.”

दाजींनी कागदाची घडी घातली. “म्हणजे हे लोक टनेज सांगतायत. उतारा सांगतच नाहीत.”

दाजी कोळपेवाडीच्या बाजूला वस्तीवर राहतात आणि त्यांचं सगळं आयुष्य उसात गेलंय. कोपरगाव तालुक्यात कोळपेवाडी आणि सहजानंदनगर इथे दोन मोठे सहकारी कारखाने, त्यामुळे इकडच्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. काट्यावर ट्रॉलीचं वजन भरलं ते टनेज, आणि शंभर किलो उसातून साखर किती किलो निघाली तो उतारा. सरकारी भावसुद्धा उताऱ्यालाच बांधलेला: २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. फुले २६५ लावून टनेज काढायचं की को ८६०३२ लावून उतारा सांभाळायचा, यावर पारावर वाद झाला नाही असं गाव इथे सापडायचं नाही. दाजींचा मुलगा इंजिनीअरिंगला, अभ्यासाच्या नावाखाली रात्रभर नेटवर; त्यात त्यांना गोठ्यावर कॅमेरा बसवायचाय. म्हणून ‘एकदाच चांगला राउटर घेऊन टाकू’ असा बेत, आणि मी घरातला कॉम्प्युटरवाला म्हणून निवाडा माझ्याकडे. मी वाचलेल्या एकाही परीक्षणापेक्षा त्यांचं ते टनेजचं वाक्य मला पुढे जास्त उपयोगी पडलं.

आधी अकरा हजारांची फोड करू. या वर्गातला राउटर, मग तो आसुसचा असो की टीपी-लिंकचा, एका खोक्यात तीन रेडिओ चालवतो. २.४ गिगाहर्ट्झवर एक, कमाल ११४८ मेगाबिटचा; ५ गिगाहर्ट्झवर दोन, प्रत्येकी कमाल ४८०४ चे. बेरीज १०,७५६. ती वर ओढून ११,०००. पण असल्या राउटरला जोडलेला फोन एका वेळी एकाच रेडिओशी बोलतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच पदरात पडत नाही. पुढे, ४८०४ गाठायला दोन्ही बाजूंना चार-चार अँटेना आणि १६० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी लागते. खिशातल्या फोनला अँटेना बहुधा दोन, आणि कितीतरी फोन ८० मेगाहर्ट्झच्या पुढे जातच नाहीत. त्यांचा कमाल आकडा १२०१. तोही कागदावरचा, कारण वायफायमध्ये बोलायच्या आधी थांबायचं, कुणी बोलतंय का ते ऐकायचं, पोच मिळेपर्यंत वाट बघायची, यात वेळ जातो. राउटरला खेटून बसलात तरी साठ-सत्तर टक्के हाती लागले तर पुष्कळ. मागे तारेचं पोर्ट एक गिगाबिटचं असेल तर ते ९४० मेगाबिटच्या आसपास अडवणार. आणि त्याच्याही मागे दाजींची लाईन शंभरची. नेटफ्लिक्स स्वतः ४के चित्रासाठी १५ मेगाबिट पुरे म्हणतं, म्हणजे शंभरही काही कमी नाही. पण अकरा हजारांचे शंभर होईपर्यंत अजून आपण एका राउटरची दुसऱ्याशी तुलनाच केलेली नाही.

याचा अर्थ महागडा राउटर फुकटच असा नव्हे. चांगले रेडिओ, चांगला प्रोसेसर आणि नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर यांचा फरक पडतो. तो माडीवरच्या कोपऱ्यात पडतो, चार जण एकदम नेटवर असताना पडतो. तो खरंच पडतोय का, आणि पैशांच्या मानाने किती, हे बघायचं तर पारख नीट बांधावी लागते. इथेही दाजींनीच विचारलं, “प्लॉट कसा पाडणार?”

आपल्याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या अखत्यारीतल्या पाडेगावच्या केंद्रात १९३२ पासून उसाचं संशोधन चालतं. नवा वाण आला की तो नुसता लावून ‘बरा दिसतोय’ म्हणत नाहीत. एकाच शेतात छोटे छोटे प्लॉट पाडतात, शेजारी रुळलेला जुना वाण तुलनेला ठेवतात, प्रत्येक वाण तीन-चार ठिकाणी लावतात, आणि कुठला वाण कुठे जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवतात. कारण शेत एकसारखं कधीच नसतं. एका कडेला चोपण, एका कडेला पाटाचं पाणी मुरतं. चांगल्या जमिनीचं श्रेय वाणाला मिळू नये म्हणून ही सगळी यातायात. इंग्लंडातल्या रोथॅमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशरने १९२० च्या दशकात ही रीत बसवली. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४ च्या इंग्रजी पुस्तकावर कृषी महाविद्यालयांच्या पिढ्या शिकल्या. राउटरची तुलना करणारे बहुतेक लोक त्या पुस्तकातल्या पहिल्या धड्यालाच नापास होतील असं माझं मत आहे: सोमवारी दुपारी एक राउटर मोजायचा, गुरुवारी रात्री दुसरा, आणि निकाल एका आकड्यात.

वायफायच्या शेताचा पोत तासातासाला बदलतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. कोपरगावात गावठाणात बसून फोनवर यादी उघडली की शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं दिसतात. रात्री जेवणानंतर ती सगळी एकदम जागी होतात. वस्तीवर हा त्रास नाही. म्हणून गावात पहिला आलेला राउटर वस्तीवर पहिला येईलच असं नाही.

आम्ही एका रविवारी बसलो. राउटर तीन: दाजींकडचा जुना, माझ्या मित्राचा उसना आणता आलेला महागातला, आणि मी परत करायच्या मुदतीत मागवलेला मधल्या भावाचा. जुना म्हणजे आमचा तुलनेचा वाण. एक कॉम्प्युटर तारेने राउटरला जोडला, लॅपटॉप हातात. दोन्हींवर आयपर्फ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. ते एका यंत्रातून दुसऱ्यात माहिती ढकलतं आणि मधल्या वाटेचा वेग सांगतं. नेहमीची ‘स्पीड टेस्ट’ इथे कामाची नाही, कारण ती बाहेरच्या लाईनसकट मोजते. शंभरच्या लाईनवर तिन्ही राउटर शंभरच दाखवतील आणि तुम्ही म्हणाल, सगळे सारखेच.

मग भाच्याने फरशीवर खडूने खुणा केल्या. पहिली हॉलमध्ये, राउटरपासून सरळ समोर. दुसरी स्वयंपाकघरात, दोन भिंतींपलीकडे. तिसरी माडीवर, जिन्याच्या मागच्या खोलीत. चौथी गोठ्यात. तिन्ही राउटर एकाच स्टुलावर, एकाच उंचीवर. एकाला टीव्हीच्या कपाटात आणि दुसऱ्याला खिडकीत ठेवून केलेली तुलना ही कपाटाची आणि खिडकीची तुलना होते. कुठला राउटर कधी, याच्या चिठ्ठ्या. सकाळी एक फेरी, दुपारी एक, रात्री नऊनंतर एक. प्रत्येक खुणेवर चार मोजण्या, आणि दर मोजणीला लॅपटॉप पाव फेरी वळवायचा. हे वेडेपण वाटेल, पण ५ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम साडेपाच सेंटीमीटर असते. भिंतींवरून उलटलेल्या लाटा एकमेकींना कुठे जोर देतात, कुठे मारतात. चार बोटं इकडे-तिकडे सरकलं की आकडा बदलतो. एकाच मोजणीवर विसंबणारा माणूस राउटर नव्हे, आपलं नशीब मोजतो.

ताई चहा घेऊन हॉलच्या दारात उभी राहिली आणि स्वयंपाकघरातला आकडा पडला. भाच्याला वाटलं तार निघाली. तार नव्हती निघाली. माणसाचं अंग म्हणजे बहुतांशी पाणी, आणि या लहरी पाण्याला घाबरतात. ती बाजूला झाली, आकडा वर आला. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर मला आमच्या गावातली अर्धी गाऱ्हाणी कळली. कोपरगावात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून गच्चीवर आणि जिन्याखाली जादा टाक्या असतात. राउटर आणि माडीवरची खोली यांच्या मधोमध हजार लिटर पाणी उभं करून लोक राउटरला शिव्या घालतात. गोदरेजचं कपाटही तेच करतं, आणि गोठ्यावरचा पत्रा तर जवळजवळ आरसाच.

अमेरिकेतली परीक्षणं वाचताना हे विसरून चालत नाही. तिथल्या बऱ्याच घरांत आतल्या भिंती लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पाट्यांच्या. आपल्याकडे पक्की वीट, वर सिमेंटचा लोखंडी सळयांचा स्लॅब; आणि कोपरगावच्या जुन्या भागात, राघोबादादांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाड्याच्या आसपास, हात-दीड हात जाडीच्या भिंतींची घरं अजून आहेत. जाडजूड भिंतीत ५ गिगाहर्ट्झ लवकर दमतं, २.४ तग धरून राहतं. तिकडे ५ गिगाहर्ट्झच्या जोरावर पहिला आलेला राउटर इकडे तिसरा येऊ शकतो. वाणाची चाचणी एका केंद्रावर करून भागत नाही, वेगवेगळ्या जमिनींत घ्यावी लागते, त्यातलाच हा प्रकार.

“आठ अँटेना आहेत, लांब मारत असेल,” हे वाक्य मी दुकानात किती वेळा ऐकलंय. मारायला मर्यादा आहे. २००५ साली भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरायला खुला केला तेव्हाच घातलेली: अँटेना एका दिशेला देते तो जोर धरून ४ वॅट. महाग-स्वस्त सगळ्यांना तीच. शिवाय संवाद दुहेरी आहे. राउटरने कितीही ओरडून सांगितलं तरी फोनचं कुजबुजणं परत पोचलं पाहिजे, आणि फोनची ताकद बॅटरीपायी बेताचीच. जादा अँटेनांचा खरा फायदा कुजबुज ऐकण्यात होतो. पण खोक्यावर त्याचा आकडा छापत नाहीत.

आता मोजायचं काय. सरासरी वेग मला सगळ्यांत निरुपयोगी वाटतो. हॉलमध्ये सहाशे आणि माडीवर चार, याची सरासरी तीनशे दोन. माडीवर बसलेल्या पोराला तिचा काय उपयोग? आम्ही प्रत्येक खुणेवरच्या बारा मोजण्यांतला सर्वांत वाईट आणि मधला आकडा लिहिला. वहीचं पान जसजसं भरत गेलं तसतसं हॉलमधलं मोठं अंतर स्वयंपाकघरात कमी झालं, आणि गोठ्यात तिन्ही राउटर जवळपास सारखेच रडले. पाटाच्या भाषेत सांगायचं तर हेडला कितीही पाणी सोडा, टेलला काय पोचतं ते बघा.

पाटावरून दुसरी गोष्ट. गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे या तालुक्यातून जातात, त्यामुळे आवर्तन आणि शेजपाळी हे शब्द लहान पोरांनाही ठाऊक. वायफायही पाळीनेच चालतं: एका वाहिनीवर एका वेळी एकच बोलणार. समजा एका शेतकऱ्याची चारी फुटकी आहे आणि नियम असा की त्याचं रान भरेपर्यंत पाळी त्याचीच. पाणी मुरत राहतं आणि सगळे खोळंबतात. घरातला जुना, मंद फोन हेच करतो. तेवढाच मजकूर पाठवायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि नव्या लॅपटॉपचाही वेग त्याच्या पातळीवर येतो. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी हे गणित मांडून दाखवलं होतं. उपाय म्हणजे पाळी रानावर नव्हे, घड्याळावर बांधायची, सगळ्यांना सारखा वेळ. काही राउटर हे करतात, काही करत नाहीत, काहींत ते बंद करून ठेवलेलं असतं. म्हणून तुलनेत एक जुना फोन मुद्दाम जोडून मोजणी घ्यावी. एकट्या नव्या लॅपटॉपवर घेतलेली परीक्षा म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या कालव्याची परीक्षा.

तिसरी मोजणी वेगाची नाहीच, उशिराची आहे. भाच्याने फोटोंचा गठ्ठा वर चढवायला लावला की ताईचा पुण्याच्या बहिणीशी चाललेला व्हिडिओ कॉल तुटतो. लाईन संपलेली नसते. राउटरमध्ये रांग लागलेली असते. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉल्यांच्या मागे मोटारसायकलवाला अडकावा तसा बोलण्याचा छोटासा तुकडा फोटोंच्या मागे अडकतो. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास या रोगाकडे जगाचं लक्ष वेधलं, २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आखूड ठेवायची युक्ती दिली, आणि तिच्यावर बेतलेली लहानांना वाट करून देणारी पद्धत २०१८ मध्ये इंटरनेटच्या दस्तऐवजांत नोंदली गेली. ती फुकट मिळणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी प्रणालीत आहे. कित्येक महागड्या राउटरांत नाही किंवा वेगळ्या नावाखाली अर्धवट आहे. मोजायला सोपं: मोकळ्या लाईनवर पिंग किती मिलिसेकंद, आणि मोठी फाईल वर चढत असताना किती. बोलण्यासाठी एका दिशेचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा हा दूरसंचारातला जुना मानदंड. माझ्या लेखी घरगुती राउटरची ही सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा, आणि सगळ्यांत कमी घेतली जाणारी.

चौथी परीक्षा कुठल्याही परदेशी परीक्षणात सापडणार नाही. लाईट. मेन स्विच पाडला, परत चढवला आणि लॅपटॉपवर नेट यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघितलं. दाजींचा जुना आधी उठला. महागातला सगळ्यांत शेवटी. त्याला कारण आहे. ५ गिगाहर्ट्झचा काही भाग रडारबरोबर वाटून घ्यावा लागतो, आणि त्या वाहिन्यांवर बोलायच्या आधी राउटर मिनिटभर नुसता ऐकत बसतो. १६० मेगाहर्ट्झची रुंद वाहिनी हवी तर बहुधा त्या भागात शिरावंच लागतं. दिवसातून चार वेळा लाईट जाणाऱ्या वस्तीवर हे मिनिट डोक्यात जातं. छोटी बॅटरी जोडायची तर राउटर किती वॅट खातो तेही बघावं. १५ वॅटचा राउटर अखंड चालला तर वर्षाला १३१ युनिट. आणि पुस्तिकेत चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश छापलेलं असतं, तर आमच्याकडे वैशाखात सावलीतच चाळिशी ओलांडते.

वायफाय ७ चं काय, हे भाच्याने विचारलंच. बीई १९००० अशा एका राउटरची फोड अशी: ६ गिगाहर्ट्झवर ११,५२०, ५ वर ५,७६०, २.४ वर १,३७६. म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक आकडा ६ गिगाहर्ट्झचा. अमेरिकेने तो पट्टा २०२० मध्ये १२०० मेगाहर्ट्झभर खुला केला. भारताने मे २०२५ मध्ये मसुदा नियम काढले ते खालच्या ५०० मेगाहर्ट्झपुरते आणि कमी शक्तीच्या वापरासाठी. त्यात ३२० मेगाहर्ट्झची रुंद वाहिनी एकच बसते. अमेरिकेतल्या पुतण्याने आणलेला राउटर आणि इथे विकला जाणारा त्याच नावाचा राउटर, दोघांना एकच समजू नये.

सेटिंगचा एक घोळ राहिला. एका कंपनीचा राउटर खोक्यातून काढताच १६० वर चालतो, दुसऱ्याचा ८० वर. सगळे सारखे करून मोजलं तर यंत्रांची तुलना होते. जसे आले तसे मोजले तर दाजींना जे मिळणार त्याची होते. दोन्ही खऱ्या आहेत, फक्त कुठली केली ते लिहायला हवं. सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहावी, कारण एका अपडेटनंतर राउटर बदलतो.

आणि राउटर आला कुठून, तेही. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था १९३६ पासून चाचणीच्या वस्तू स्वतः बाजारातून विकत घेते आणि जाहिराती घेत नाही. आपल्याकडे अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने स्वतःच्या प्रयोगशाळेत अशा तुलना केल्या. कंपनीने पाठवलेला निवडक नग, तोही परत न मागता, हे वेगळं प्रकरण. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या मंडळींना असा संबंध उघड लिहायला सांगितलंय. दहापैकी साडेनऊ गुण देणारा व्हिडिओ पाहताना मी आधी ती ओळ शोधतो. गुणांचं तर मला वावडंच आहे: वेगाला किती वजन, उशिराला किती, लाईटला किती, हे ज्याने ठरवलं त्याच्या घराचे ते गुण. दाजींनी आमच्या वहीतलं पान पाहून गोठ्याचा रकाना आधी वाचला आणि तिथे तारेने दुसरा साधा राउटर न्यायचं ठरवून टाकलं. घरासाठी मधला ठेवायचा की परत करायचा, एवढंच उरलं.

एक रकाना मात्र रिकामा होता: सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार. राउटर हा घराचा दरवाजा. त्याच्या कडीतली खोट कळल्यावर ती दुरुस्त करणारा कुणी नसेल तर वेग काय चाटायचाय. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ही मुदत खरेदीदाराला सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. दाजी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि सरळ तेच विचारलं. दुकानदाराने खोका उचलला, चारी बाजूंनी फिरवला, खालची बाजू वर करून उजेडात धरली, आणि म्हणाला, “वॉरंटी तीन वर्षं लिहिलीय, शेठ.”